वाचक विचारतात: पंच का अडकतो, डाय का फुटते

टूलरूमच्या, म्हणजे डाय, पंच आणि साचे घडवायच्या खात्याच्या, कामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं या अंकात देत आहोत. एकाच विषयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: आमच्या वर्कशॉपात डवऱ्याच्या आणि वखराच्या पासांना (मातीत चालणाऱ्या पात्यांना) 12 मिमीची भोकं पाडतो. प्रेस 20 टनी आहे. डाय-पंच (खालचा भोकाचा साचा आणि वरून भोक पाडणारा दांडा) बाहेरून करून घेतला, तो 2 मिमीच्या पट्टीवर झकास चालला. पास 6 मिमीची. तिला लावला तर भोकाच्या आतल्या बाजूला दोन चकाकते पट्टे दिसतात, पंच वर येताना अडकतो आणि चाळीस-पन्नास भोकांत टोक उडतं. दोन पंच गेले. करणारा म्हणतो, स्टीलमध्ये खोट नाही. मग खोट कशात आहे?
— मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर: करणाऱ्याचं म्हणणं बहुधा खरं आहे. तुमचं अर्धं उत्तर त्या दोन चकाकत्या पट्ट्यांतच आहे. पत्रा कापताना पंचाच्या धारेपासून एक भेग खाली जाते आणि डायच्या धारेपासून एक वर येते. दोघांमधली फट बरोबर असेल तर या भेगा एकमेकींना भेटतात आणि एकच चकाकता पट्टा दिसतो, खाली खरबरीत तुटलेला भाग राहतो. फट कमी पडली की भेगा चुकतात, मधला भाग दुसऱ्यांदा कापला जातो. दुसरा पट्टा त्याचा. तेवढ्यात पत्रा पंचाला आवळून धरतो, म्हणून पंच वर येताना अडकतो. टोक कापताना उडत नाही, ओढून काढताना उडतं.

आता मापं बघा. साध्या लोखंडाच्या पातळ पत्र्याला एका बाजूची फट जाडीच्या 5 टक्के धरतात. 2 मिमीला ती 0.10 मिमी झाली, म्हणजे 12.00 चा पंच आणि 12.20 ची डाय. तुमची डाय तीच असणार. 6 मिमीच्या जाड पाट्याला 6 ते 7 टक्के लागतात, म्हणजे एका बाजूला 0.36 ते 0.42. डाय साधारण 12.80 ची हवी. भोकाचं माप पंच ठरवतो, म्हणून पंच 12.00 चाच राहू द्या, डाय मोठी करा. (उलट चकती कापून घ्यायची असेल, वॉशरचा बाहेरचा घेर वगैरे, तर माप डाय ठरवते आणि फट पंचातून कमी करायची. नव्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो.)

दुसरं कारण पत्रात लिहिलेलं नाही, पण विचारणं भाग आहे: पास कशाची आहे? आपल्याकडे पुष्कळ लोहार जुन्या कमानपाट्याच्या (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीच्या) पासा करतात आणि त्या टिकतातही. पण तो पाटा गरम न करता त्यात भोक पाडायला जाणं म्हणजे पंचाचा बळी देणं. हिशेब असा. कापायला लागणारा जोर म्हणजे भोकाचा घेर गुणिले जाडी गुणिले धातूची कातरताकद. 12 चा घेर 37.7 मिमी, गुणिले 6, झाले 226 चौरस मिमी. साध्या लोखंडाला दर चौरस मिमीला सुमारे 36 किलो धरा, म्हणजे सव्वाआठ टनांच्या आत काम होतं. 20 टनी प्रेसला हे सहज. कडक कमानपाट्याला हाच आकडा शंभराच्या वर जातो, म्हणजे साडेबावीस टनांच्याही पुढे. प्रेस अपुरा, हे एक. पंचाच्या टोकावर येणारा दाब त्याहून वाईट. टोकाचं क्षेत्र 113 चौरस मिमी, म्हणजे दर चौरस मिमीला 200 किलो. चांगला कडक केलेला डी-टू (पंच-डायसाठी वापरतात ते टूल स्टील) सुद्धा तिथे सीमेवर येतो.

पाटा ओळखायला प्रयोगशाळा नको. ग्राइंडरला लावा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, फुलं कमी. कार्बन जास्त असलेल्या स्टीलच्या ठिणग्या आखूड, दाट आणि भरपूर फुटणाऱ्या. कानस घसरत असेल तर पाटा कडकच आहे. तसा असेल तर लोहार पिढ्यान्‌पिढ्या करतात तेच करा: लाल गरम करून भोक पाडा, नाहीतर ड्रिल मारा. प्रेसचा हट्ट धरू नका.

तिसरी गोष्ट, डायच्या भोकाचा आतला आकार. वरची 3 ते 4 मिमी सरळ ठेवून खाली दर बाजूला अर्धा ते एक अंश उतार द्यावा लागतो. भोक शेवटपर्यंत सरळ असेल तर कापलेल्या चकत्या एकीवर एक ठासून बसतात, चार-पाच साचल्या की डाय आतून ताणली जाते आणि एका कोपऱ्यातून उकलते. प्रेसखालच्या बोल्स्टरचं (डाय जिच्यावर बसते त्या जाड प्लेटचं) भोकही अडलेलं नाही ना, तेही वाकून बघा. बऱ्याचदा डाय फुटते बोल्स्टरमध्ये अडकलेल्या चिंधीमुळे!

बसवताना मोटार बंद ठेवून फ्लायव्हील हाताने फिरवा. पंच आणि डाय यांच्यामध्ये पातळ कागद ठेवून उतरवा. कागद चहूबाजूंनी सारखा कापला गेला पाहिजे. एका बाजूला कापला आणि दुसरीकडे नुसता दुमडला, तर पंच एका अंगाला गेलाय. पंच डायमध्ये एखाद मिमीच उतरवा. खोल उतरवल्याने भोक चांगलं होत नाही, धार तेवढी लवकर जाते.

आणि धार लावायची वेळ भोकाकडे बघून ठरवा. भोकाच्या कडेवरची बर (कापताना बाहेर आलेली धारदार कोर) नखाला लागायला लागली की पंच आणि डाय दोन्ही सर्फेस ग्राइंडरवर 0.10 ते 0.15 मिमी काढून घ्या. वाट बघत बसलात तर पुढच्या वेळी अर्धा मिमी काढावा लागेल. जेवढं काढाल तेवढ्या जाडीची शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) खाली घालायला विसरू नका.

प्रश्न: मुलगा यंदा दहावी झाला. गणित बरं आहे, हाताने काहीतरी खटपट करत असतो. शेती साडेतीन एकर कोरडवाहू. आयटीआयला टूल अँड डाय मेकर घ्यावं की फिटर? कोणी संभाजीनगरचं चार वर्षांचं सांगतात. खर्चाचं आणि पुढच्या नोकरीचं कसं?
— दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: तीन रस्ते आहेत. आयटीआयचा टूल अँड डाय मेकर हा ट्रेड दोन वर्षांचा. त्याच्या दोन शाखा: एक प्रेस टूल, जिग आणि फिक्श्चरची (काम करताना जॉब जागेवर धरणाऱ्या साधनांची), दुसरी डाय आणि मोल्डची. पहिली पत्र्याच्या कामाकडे नेते, दुसरी प्लास्टिक आणि ओतकामाकडे. हा ट्रेड प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये नसतो. प्रवेशाच्या पोर्टलवर संस्थानिहाय यादी बघूनच पसंतीक्रम भरा, नाहीतर मुलगा भलत्याच गावी भलत्याच ट्रेडला जायचा.

दुसरा रस्ता छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमचा. दहावीनंतरची टूल अँड डाय मेकिंगची चार वर्षांची पदविका, प्रवेश परीक्षेतून. ही केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाखालची संस्था आहे, आणि शिकवतात ते चालू टूलरूममध्ये. परवडत असेल तर आमचं मत सरळ याच बाजूला. तिसरा रस्ता सिपेटचा, म्हणजे प्लास्टिक तंत्रज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा. त्यांचं केंद्र चंद्रपुरातही आहे आणि प्लास्टिक मोल्डची तीन वर्षांची पदविका ते देतात. मात्र त्यातून मुलगा मोल्डवाला होईल, पत्र्याच्या डायचा माणूस नाही. दोन्ही कामं लांबून सारखी दिसतात. प्रत्यक्षात हात वेगळे लागतात.

खर्च आडवा येत असेल तर आयटीआय करा आणि त्याला शेवट मानू नका. दोन वर्षांचा ट्रेड पास झाल्यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. किंवा एक वर्ष अप्रेंटिसशिप करावी. विदर्भात आयुध निर्माण्या अंबाझरी, भंडारा आणि चांदा इथे आहेत. नागपूरजवळ हिंगणा आणि बुटीबोरीचे कारखाने आहेत. अप्रेंटिसशिप निवडताना एकच गोष्ट विचारा: कारखान्यात स्वतःची टूलरूम आहे का? नसेल तर मुलगा वर्षभर प्रेसवर पत्रा सरकवेल आणि हाती फक्त दाखला येईल.

नोकरीचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं पगार कमी आणि काम कंटाळवाणं. कानस, बर काढणं, डाय उघडणं, पुसणं, ग्रीस लावणं, पुन्हा लावणं. पण उघडलेली प्रत्येक डाय ही एक पाठ्यपुस्तक असते. कुठली कड झिजली, कुठे चिकटलं, कुठल्या पिलरवर (डायचे दोन भाग सरळ रेषेत ठेवणाऱ्या खांबावर) ओरखडा आहे, हे ज्याला दिसतं त्याला तिसऱ्या वर्षापासून लोक शोधत येतात. हजार रुपये जास्त मिळतात म्हणून सहा-सहा महिन्यांनी कारखाना बदलणाऱ्या मुलाला यातलं काहीच दिसत नाही.

प्रश्न: मी फिटर ट्रेड केलाय. टूलरूमच्या मुलाखतीत काय विचारतात? स्वतःची हत्यारं घ्यावीत का?
— आर्वी, जि. वर्धा

उत्तर: चांगल्या ठिकाणी विचारत नाहीत, हातात कानस देतात. एका पाट्यात चौकोनी खाच, दुसऱ्या तुकड्याचा चौकोन त्यात बसवायचा आणि चारही बाजूंनी फिरवून बसवून दाखवायचा. उजेडासमोर धरल्यावर फटीतून किती उजेड येतो ते बघतात. घरी 50 मिमीच्या पट्टीवर रोज हेच करा. मिलिंग मशीन चालवता येणारे पुष्कळ, काटकोन हाताने आणणारे थोडे. तोंडी विचारलंच तर सर्फेस ग्राइंडर, साइन बार (अचूक कोन लावायची पट्टी) आणि मायक्रोमीटरबद्दल विचारतील. 100 मिमीच्या साइन बारला 30 अंशांसाठी 50.00 मिमीच्या स्लिप (अचूक मापाचे स्टीलचे ठोकळे) लागतात, एवढं झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

हत्यारं घ्या, पण थोडी: 150 मिमीचा व्हर्नियर, 0–25 चा मायक्रोमीटर, डायल गेज आणि त्याचा मॅग्नेटिक स्टँड, एक लहान गुण्या, एक तेलाचा दगड. दगड स्वस्त म्हणून सोडू नका. सर्वांत जास्त वापर त्याचाच होतो.

प्रश्न: कंपनीसाठी ॲल्युमिनियमची जिग प्लेट केली. दोन बुशांमधलं (ड्रिलला वाट दाखवणाऱ्या नळ्यांमधलं) अंतर 300 मिमी. मे महिन्यात आमच्या शेडमध्ये व्हर्नियरवर तंतोतंत 300.00 भरलं. कंपनीच्या एसी खोलीत 0.08 कमी निघालं आणि माल परत आला. त्यांचं मशीन खोटं की आमचा व्हर्नियर?
— खामगाव, जि. बुलढाणा

उत्तर: दोन्ही खरे, खोटा मे महिना. मोजमापाची मापं जगभर 20 अंश सेल्सियसला धरतात. तुमच्या शेडमध्ये दुपारी 42 तरी असणार. स्टील दर मीटरला दर अंशाला 11.5 मायक्रॉन वाढतं आणि ॲल्युमिनियम 23, म्हणजे दुप्पट. व्हर्नियर स्टीलचा असल्याने तोही वाढला, पण प्लेटच्या निम्म्यानेच. फरक 11.5 मायक्रॉन, गुणिले 0.3 मीटर, गुणिले 22 अंश, उत्तर 0.076 मिमी. कंपनीने सांगितलेला आकडा जवळपास हाच आहे.

प्लेट स्टीलची असती आणि व्हर्नियरइतकीच गरम असती, तर फरक आला नसता. पण स्टीलमध्येही एक फसगत आहे. ग्राइंडरवरून नुकतीच उतरवलेली प्लेट हवेपेक्षा दहा अंशांनी गरम असेल, तर 300 मिमीवर 0.034 जास्त दाखवते. ती थंड झाली की माप कमी. "काल बरोबर होतं, सकाळी कमी कसं झालं?" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

उपाय महाग नाही. शेवटचं माप पहाटे पाच-सहाला घ्या. रात्रभर प्लेट, व्हर्नियर आणि स्लिप एकाच सर्फेस प्लेटवर एकत्र पडू द्या. हवेचं तापमान लिहून ठेवा आणि ॲल्युमिनियमला वरचा हिशेब लावून माप तेवढं मोठं ठेवा. भिंतीवर एक साधा थर्मामीटर टांगा. मोजताना जॉब हातात घोळवत बसू नका, हाताची ऊबही मोजमापात येते.

कूलर लावून शेड थंड करायचा मोह होतो. कामगारांसाठी लावा, जरूर लावा, पण हवेचा झोत मोजण्याच्या टेबलावर सोडू नका. ओल्या हवेने स्लिप गेज आणि ग्राइंड केलेल्या कडा आठवड्यात तांबूस होतात. घामाच्या हाताने धरलेल्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे गंजून उमटतात. काम संपलं की पुसून पातळ तेल किंवा व्हॅसलीन लावा.

प्रश्न: डी-टूचा पंच गावातल्या भात्यावर लाल करून पाणी दिलं. तडकला. दुसरा तेलात विझवला, तो तडकला नाही पण पहिल्याच दिवशी धार गोल झाली. नागपूरला पाठवायचं तर चार दिवस जातात.
— हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर: चार दिवस जाऊ द्या. डी-टू हे भात्याचं स्टील नाही. त्यात साधारण दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असतं. क्रोमियमचे कण विरघळायला 1010 ते 1030 अंश लागतात, तेही आधी 650 आणि मग 850 च्या आसपास थांबून. भात्यावर डोळ्याला लाल दिसतं ते 800–850. तेवढ्याने हे स्टील अर्धकच्चं राहतं, म्हणून दुसऱ्या पंचाची धार गोल झाली. पहिला पंच पाण्याने मारला. डी-टू हवेतसुद्धा कडक होतं, पाण्याचा धक्का त्याला सोसवत नाही. विझवून हाताला सोसेल इतका कोमट झाला की लगेच टेंपर (ठिसूळपणा घालवायला पुन्हा मंद गरम) व्हायला हवा, आणि तो दोनदा. 200 अंशांच्या जवळ दोनदा टेंपर केला की 60 एचआरसी (रॉकवेल सी मापाने कठीणपणा) मिळते. विझवलेला पंच रात्रभर बेंचवर ठेवून "सकाळी टेंपर करू" म्हणणाऱ्याला सकाळी दोन तुकडे सापडतात.

घाईच्या कामाला ओएचएनएस (तेलात कडक होणारं टूल स्टील) घ्या. 800 अंशांच्या आसपास कडक होतं आणि तेलात विझतं. भात्यावर करायचंच तर लोहचुंबक जवळ ठेवा. लोखंड 770 अंशांच्या सुमाराला चुंबकाला चिकटेनासं होतं, त्याच्या किंचित पुढे नेऊन थांबा. ही खूण डी-टूला उपयोगाची नाही, त्याचं तापमान फार वर आहे. तेल 50–60 अंश कोमट असू द्या. पंच उभा बुडवा, आडवा टाकलात तर वाकतो. मग ताबडतोब 200 अंशांवर दोन तास.

पाठवताना सुद्धा काम अर्धं तुमच्याकडेच असतं. खाचेच्या आतल्या कोपऱ्याला निदान अर्ध्या मिमीची त्रिज्या द्या, धारदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. पोलादाच्या बारवरची काळी साल सगळ्या बाजूंनी काढा, तिच्याखालचा कार्बन जळालेला असतो आणि तो भाग कडकच होत नाही. डाय पुढे वायरकटवर (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणाऱ्या मशीनवर) जाणार असेल तर तार ओवायची भोकं कडक करण्याआधीच पाडा. नंतर ड्रिल बोथट होईल, भोक पडणार नाही. कडक होऊन आल्यावर ग्राइंड करताना दर खेपेला एक शतांश मिमी, भरपूर पाणी आणि मऊ चाक. निळसर डाग दिसला की समजा जळालं. तिथे जाळीसारखे बारीक तडे असतात आणि दोष मग बिचाऱ्या भट्टीवाल्यावर जातो.

प्रश्न: मुलीला हा ट्रेड घ्यायचाय. घरचे म्हणतात, जड काम आहे.
— ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर: 300 बाय 250 बाय 40 मिमीची एक स्टीलची प्लेट साडेतेवीस किलो भरते, डाय सेटला (पंच आणि डाय बसवायच्या जोडीला) तशा दोन. ती पुरुषानेही हाताने उचलू नये, त्यासाठी चेन पुली आणि ट्रॉली असते. जिथे हाताने उचलायला लावतात ती टूलरूम मुलासाठीही वाईट. बाकी काम नजरेचं, बोटांचं आणि हिशेबाचं. घेऊ द्या.

प्रश्न: गावाजवळ छोटी टूलरूम टाकायचीय. जिनिंग आणि दालमिलची कामं मिळतील. पहिलं मशीन कोणतं? वायरकट घ्यावं का?
— अचलपूर, जि. अमरावती

उत्तर: वायरकट नको, निदान पहिली तीन वर्षं नको. त्याला स्थिर वीज, शुद्ध केलेलं पाणी आणि रोजचं काम लागतं. दाब वर-खाली झाला की तार तुटते आणि नवी तार ओवून पुन्हा सुरू केलेल्या जागी रेघ उमटते. कडक केलेली प्लेट एमआयडीसीत पाठवून जॉबवर्क करून घ्या, पंच तुम्ही घरी जुळवा. पैसा सर्फेस ग्राइंडरवर घाला. लेथ आणि मिलिंग जुनं चालेल, ग्राइंडर जुना घेताना मात्र टेबल डायलने तपासल्याशिवाय इसार देऊ नका.

कामाचं वेळापत्रक कापसावर बांधा. जिनिंग दिवाळीनंतर पेटतं, तेव्हा सुरी झिजली, रोलर बसला, बेअरिंगची जागा सैल झाली, अशी कामं रात्री दहालाही येतात. नव्या डाय करायचा काळ म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा. कर्जासाठी पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) बघा: उत्पादन उद्योगाला प्रकल्पखर्च 50 लाखांपर्यंत, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के आणि महिला व इतर विशेष गटांना 35 टक्के अनुदान. स्वतःचा वाटा 10 किंवा 5 टक्के. अर्ज ऑनलाइन, चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात. अनुदान आधी हातात येत नाही, बँक कर्ज देते आणि अनुदान तीन वर्षं खात्यात अडकून राहतं. हप्त्याचा हिशेब अनुदान न धरता करा.

प्रश्न: आमचा जुना प्रेस पायडल सोडलं तरी कधी कधी दुसरा ठोका मारतो. मेकॅनिक म्हणतो, चालतंय, चालू द्या.
— मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर: आजच बंद करा. क्लचची चावी किंवा तिची स्प्रिंग झिजली की चावी वेळेवर सुटत नाही आणि रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) पुन्हा खाली येतो. बोटं जातात ती याच दुसऱ्या ठोक्यात, कारण पहिल्या ठोक्यानंतर माणूस निर्धास्तपणे हात आत घालतो. चावी, स्प्रिंग आणि ब्रेकचं लाइनिंग तिन्ही बदला, एकच बदलून भागत नाही. नंतर पत्रा न लावता पन्नास ठोके एकेक करून मारून बघा आणि रॅम दर वेळी वरच थांबतो का ते मोजा. पुढेही पत्रा चिमट्याने सरकवा, डायसमोर जाळी लावा. डाय बदलताना मोटार बंद केल्यावर फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत हात आत जाऊ देऊ नका, आणि रॅमखाली लाकडी ठोकळा ठेवल्याशिवाय तर नाहीच.